गाईड काय सांगतो, जहाज काय सांगतं

‘गाईड’ हा शब्द आपल्याकडे दोन माणसांना लावतात. एक सहलीत पुढे चालणारा, दुसरा पीएचडीच्या फॉर्मवर सही करणारा. वरवर पाहता दोघांचं काम सारखंच: अनोळखी जागेत वाट दाखवायची, कुठे पाहायचं ते बोट करून सांगायचं. फरक इतकाच की पहिल्याचं ऐकून आपण घरी जातो आणि दुसऱ्याचं ऐकून तपासायला बसतो. निदान बसावं अशी अपेक्षा असते.

या पोस्टमध्ये मी एका सहलीचं परीक्षण करते आहे. हवाईतल्या पर्ल हार्बर बंदरात यूएसएस ॲरिझोना ही अमेरिकी युद्धनौका ७ डिसेंबर १९४१ च्या सकाळी जपानी विमानहल्ल्यात बुडाली. ती आजही तिथेच आहे, उथळ पाण्यात, बुडाली त्याच जागी. तिच्यावर आडवं बांधलेलं पांढरं स्मारक पाहायला बोटीनेच जावं लागतं. माझा विषय गंज, म्हणजे समुद्राच्या पाण्यातल्या पोलादाचं करोजन. होनोलुलूला एका परिषदेच्या निमित्ताने गेले होते, तेव्हा ही सहल केली.

तुम्ही रिसर्चची तयारी करताय, नेट-सेटचा अभ्यास चालू आहे, मग या सहलीशी तुमचा काय संबंध? माझ्या मते बराच. ही सहल भावना फार नीट पोचवते, पण जे सांगितलं जातं ते कळलं कसं, हे जवळजवळ सांगतच नाही. त्यामुळे जहाजाबद्दलचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न प्रवाशापर्यंत येतच नाही. तो प्रश्न अजून सुटलेला नाही आणि त्याचं उत्तर देण्याची वेळ कदाचित आपल्या नाहीतर आपल्या पुढच्या पिढीवर येणार आहे.

सहलीचा क्रम

आधी सहल कशी असते ते बघू. प्रवेश फुकट आहे, आरक्षणाचा एक डॉलर लागतो. बरेच पर्यटक वायकिकीहून खाजगी बसने येतात आणि बसचा ड्रायव्हरच वाटेत गाईडचं काम करतो. किनाऱ्यावर २०१० मध्ये खुलं झालेलं केंद्र आहे. त्यात दोन दालनं आहेत: एक युद्धाकडे नेणाऱ्या घडामोडींचं, दुसरं हल्ल्याचं. तिथेच थिएटर आहे, त्यात माहितीपट दाखवतात. मग बोट. ती अमेरिकी नौदलाचे खलाशी चालवतात. काही मिनिटांत तुम्ही स्मारकावर उतरता.

स्मारक १८४ फूट लांब आहे. दोन्ही टोकांना उंच, मध्ये खोलगट. ते जहाजाला कुठेही टेकलेलं नाही, वरून पुलासारखं ओलांडून गेलंय. जमिनीत एक मोठी चौकट उघडी ठेवली आहे, तिच्यातून खाली जहाज दिसतं. शेवटच्या दालनात संगमरवरी भिंतीवर ॲरिझोनावर मेलेल्या १,१७७ जणांची नावं आहेत. बाहेर पाण्यावर तेलाचे इंद्रधनुषी वर्तुळाकार थर तरंगत असतात. जहाजातून आजही तेल झिरपतंय. लोक कठड्याला टेकून ते पाहतात, कुणी बोलत नाही. तेवढ्यात पुढची बोट येते आणि तुमची वेळ संपते.

आता क्रमाकडे नीट बघा. माहिती सगळी किनाऱ्यावर, पाण्यावर फक्त शांतता. शांतता योग्यच आहे, कारण खाली नऊशेहून अधिक माणसं अजून जहाजातच आहेत. पण याचा परिणाम असा होतो की प्रश्न पडायच्या आधीच उत्तरं संपलेली असतात. तेल दिसतं तेव्हा मनात येतं, हे कुठून येतंय, किती उरलंय, थांबेल का? त्या वेळी सांगणारं कुणी नसतं. मग बसमध्ये ऐकलेलं आठवतं, आणि तेच खरं होऊन बसतं.

बसमध्ये ऐकलेलं

बसमध्ये मी ऐकलेली एक गोष्ट तुम्हालाही इंटरनेटवर हजार ठिकाणी सापडेल: ‘ॲरिझोना आजही अमेरिकी नौदलात अधिकृतपणे सेवेत आहे.’ ऐकायला छान वाटतं, पण खरं नाही. नौदलाच्या यादीतून या जहाजाचं नाव १ डिसेंबर १९४२ रोजी काढून टाकलं गेलं.

खोटं आहे म्हणून सोडून देऊ नका, ते आलं कुठून ते शोधा. १९५० पासून ॲडमिरल रॅडफर्ड यांच्या आदेशाने जहाजाच्या तुटलेल्या डोलकाठीच्या बुंध्याशी ध्वजस्तंभ उभारून रोज ध्वज फडकवायला सुरुवात झाली. बुडालेल्या जहाजावर रोज ध्वज चढतो, म्हणजे ते सेवेत असणार, असं लोकांनी धरलं. निरीक्षण खरं, निष्कर्ष चुकीचा. लिटरेचर रिव्ह्यू करताना तुम्हाला असे निष्कर्ष ढिगाने भेटतील. मूळ पेपरमध्ये एक निरीक्षण असतं, त्याचा हवाला देणारा त्यातून अर्थ काढतो आणि तिसरा तो अर्थच निरीक्षण म्हणून छापतो.

दुसरं उदाहरण स्फोटाचं. जपानी विमानांनी नौदलाच्या मोठ्या तोफगोळ्यांपासून बनवलेले, सुमारे ८०० किलोचे चिलखतभेदी बॉम्ब टाकले. त्यातला एक पुढच्या भागात, दुसऱ्या तोफमनोऱ्याजवळ शिरला आणि पुढची दारूगोळ्याची कोठारं उडाली. जहाज काही मिनिटांत बुडालं आणि आग दोन दिवसांहून अधिक धुमसत राहिली. पण कित्येक वर्षं एक वेगळीच कथा चालू होती: बॉम्ब थेट धुरांड्यातून आत गेला. चित्र डोळ्यापुढे उभं राहतं, म्हणून कथा टिकली. प्रत्यक्षात जहाजाचे सुटे भाग काढताना धुरांड्यातली जाळी शाबूत मिळाली. जाळी शाबूत असेल तर त्यातून बॉम्ब गेला नाही. इतका साधा पुरावा आणि इतका पक्का.

मात्र आतली साखळी नेमकी कशी पेटली, आधी कोणतं कोठार गेलं, यावर आजही एकमत नाही. जे सांगू शकले असते ते वाचले नाहीत आणि जो भाग दाखवू शकला असता तो उडून गेला. सहलीत मात्र ‘बॉम्ब पडला, स्फोट झाला’ असं सरळ वाक्य येतं. पक्कं काय आणि अंदाज काय, ही रेघ त्यात दिसत नाही. तुमच्या प्रबंधात ती रेघ दिसलीच पाहिजे.

कागदावर नसलेल्या तोफा

माझ्या आवडीचा भाग हा. युद्धाच्या काळात नौदलाने ॲरिझोनाचा वरचा भाग कापला, उपयोगी वस्तू काढून घेतल्या. मागच्या दोन मनोऱ्यांच्या तोफा किनारी संरक्षणासाठी लष्कराकडे गेल्या. दुसऱ्या मनोऱ्याच्या तोफा पुढे नेव्हाडा या युद्धनौकेवर बसल्या. मोठ्या तोफा सगळ्या निघाल्या, असा समज पक्का झाला होता.

मग १९८३ मध्ये नॅशनल पार्क सर्व्हिसच्या पुरातत्त्वज्ञ डायव्हरांनी, डॅनियल लेनिहन यांच्या नेतृत्वाखाली, जहाजाचं मोजमाप सुरू केलं. पाणी गढूळ होतं, दिसायचं थोडंच. त्यात त्यांना पहिला मनोरा सापडला, १४ इंची तोफांसकट, जागच्या जागी. जगातल्या सर्वाधिक पाहिल्या जाणाऱ्या बुडालेल्या जहाजांपैकी एक, वरून रोज बोटी जाताहेत, आणि खाली काय आहे हे चाळीस वर्षं कुणी उतरून नीट मोजलंच नव्हतं. टॉर्पेडो लागल्याची जुनी चर्चाही त्यांनी तपासली. तशा माऱ्याची खूण सापडली नाही.

‘यावर खूप काम झालंय, आता काय उरलंय?’ असं वाटून तुम्ही एखादा विषय सोडणार असाल तर ही तोफ आठवा. एखाद्या गोष्टीबद्दल पुष्कळ बोललं गेलंय आणि ती पुष्कळ मोजली गेलीय, ही दोन वेगळी वाक्यं आहेत. सहलीला ही कथा मध्यभागी ठेवता आली असती. ती रंजकही आहे आणि ज्ञान कसं तयार होतं हेही दाखवते.

न बोलता केलेला दावा

माहितीपटाचा इतिहासही अभ्यासण्यासारखा आहे. १९९२ पर्यंत नौदलाने बनवलेला चित्रपट दाखवत, त्यानंतर पार्क सर्व्हिसचा नवा आला. हवाई विद्यापीठातले मानववंशशास्त्रज्ञ जेफ्री व्हाइट यांनी या स्मारकावर आणि त्यातल्या चित्रपटांवर अनेक वर्षं संशोधन केलं आणि त्यावर पुस्तक लिहिलं. म्हणजे पर्यटकाला जी सहल आहे, ती दुसऱ्या कुणासाठी फिल्डवर्क असू शकते.

नव्या चित्रपटात सुरुवातीला एक जागा होती. निवेदक सांगतो की लष्कराच्या सेनापतींना स्थानिक घातपाताची भीती वाटत होती आणि त्याच वेळी पडद्यावर उसाच्या शेतातला जपानी वंशाचा मजूर दिसतो, खाली बंदर. वाक्य खरं होतं, जनरल शॉर्ट यांना ती भीती खरोखरच होती. पण वाक्य आणि चित्र शेजारी ठेवल्यावर तिसराच अर्थ तयार होतो, की हा मजूर हेर असावा. प्रत्यक्षात हवाईतल्या जपानी-अमेरिकी लोकांनी घातपात केल्याचं एकही प्रकरण सिद्ध झालेलं नाही. स्थानिक जपानी-अमेरिकी समाजातून आक्षेप आला आणि पुढे तो भाग बदलण्यात आला.

शास्त्राच्या विद्यार्थ्यांनी हे खास लक्षात ठेवावं. आपल्याला वाटतं, आकडे बरोबर असले की झालं. पण दोन आलेख एकाखाली एक लावले की वाचणारा त्यांच्यात कार्यकारणसंबंध लावतोच, तुम्ही एक शब्दही न लिहिता. त्या मांडणीची जबाबदारी तुमची असते.

आणि एक माणूस मला सहलीत अधिक ठळक हवा होता: स्मारकाचे वास्तुविशारद आल्फ्रेड प्राइस. ते मूळचे व्हिएन्नाचे, नाझींपासून पळून १९३९ मध्ये हवाईला आले होते. पर्ल हार्बरवर हल्ला झाल्यानंतर ‘शत्रुराष्ट्राचे नागरिक’ म्हणून अमेरिकी सरकारने त्यांनाच सँड आयलंडवर स्थानबद्ध केलं. पुढे त्याच माणसाने या हल्ल्याचं राष्ट्रीय स्मारक उभं केलं, १९६२ मध्ये ते खुलं झालं. मधला खोलगट भाग म्हणजे सुरुवातीचा पराभव, उंच टोकं म्हणजे विजय, हा त्यांचा आशय सगळे सांगतात. त्यांच्या कैदेची गोष्ट शेजारी ठेवली तर त्या खोलगट जागेत आणखीही काही दिसू लागतं.

अश्रू की गळती?

आता मुख्य मुद्दा. पाण्यावर येणाऱ्या तेलाला ‘ॲरिझोनाचे काळे अश्रू’ म्हणतात. त्यासोबत एक आख्यायिका आहे: या जहाजावरचा शेवटचा वाचलेला खलाशी जाईपर्यंत जहाज रडत राहील.

या आख्यायिकेने, हेतू नसताना, एक तपासण्याजोगं भाकीत केलं. शेवटचे हयात खलाशी लू कॉन्टर १ एप्रिल २०२४ रोजी, वयाच्या १०२ व्या वर्षी गेले. तेल थांबलं नाही. भाकीत चुकलं. पण आख्यायिका थांबली का? नाही. आता कुणी म्हणतं, जहाज त्यांच्यासाठी रडतंय. कोणताही निकाल आला तरी जी गोष्ट खरीच राहते, तिच्यात माहिती किती, हा प्रश्न विज्ञानाच्या तत्त्वज्ञानाच्या पहिल्या तासाला येतो. इथे तो पाण्यावर तरंगताना दिसतो.

‘अगं, रूपक आहे, कशाला चिरफाड करतेस?’ असं तुम्ही म्हणाल. बरोबर आहे. ज्याने भाऊ गमावला त्याला ते अश्रू वाटले असतील तर माझी काहीच हरकत नाही. ॲरिझोनावर सख्ख्या भावांच्या अनेक जोड्या होत्या आणि बँडचे सगळे वादक त्या सकाळी गेले. पण रूपक कामही करतं. अश्रू म्हटलं की ते पुसायचे नसतात, मोजायचे नसतात. गळती म्हटलं की कुणीतरी विचारतं, किती, कुठून, आणि उद्या काय?

चला, विचारून बघू. पार्क सर्व्हिसच्या माहितीनुसार हल्ल्याच्या आदल्या दिवशी जहाजात सुमारे १५ लाख गॅलन इंधन भरलेलं होतं, म्हणजे साधारण ५७ लाख लिटर. त्यातलं बरंच जळलं, बरंच सुरुवातीला वाहून गेलं. आत अजून सुमारे ५ लाख गॅलन असावं असा अंदाज आहे, म्हणजे साधारण १९ लाख लिटर. बाहेर येतं ते रोज २ ते ९ क्वार्ट, म्हणजे ढोबळमानाने २ ते साडेआठ लिटर.

आता वहीत भागाकार करा. १९ लाख भागिले ८.५ म्हणजे सुमारे २ लाख २३ हजार दिवस. याची वर्षं होतात सहाशेहून थोडी अधिक. रोज २ लिटरच धरलं तर अडीच हजारांहून अधिक वर्षं. म्हणजे याच वेगाने गळती चालली तर तेल संपायला किमान सहा शतकं लागतील. पण पोलादाचं जहाज समुद्राच्या पाण्यात सहाशे वर्षं उभं राहील, असं गृहीत धरायला कुणीही तयार होणार नाही. तेव्हा ‘अश्रू कधी थांबतील’ हा प्रश्नच चुकीचा ठरतो. खरा प्रश्न असा: आधी काय संपेल, तेल की टाकीची भिंत?

दोन ओळींच्या भागाकाराने प्रश्नच बदलला, हे लक्षात घ्या. प्रत्येक आकड्यात अनिश्चितता आहे. २ आणि ९ मध्येच साडेचार पट अंतर आहे. तरी निष्कर्ष हलत नाही, कारण कुठलंही टोक धरलं तरी तेल भिंतीपेक्षा जास्त टिकतं. अंदाज ढोबळ असतानाही कोणता निष्कर्ष पक्का राहतो, हे ओळखणं आमच्या कामातलं निम्मं कौशल्य आहे.

भिंत किती जाड उरली आहे?

यावर काम झालेलं आहे आणि ते सुंदर आहे. समुद्रात पोलाद गंजायला ऑक्सिजन लागतो. पण वर्षानुवर्षं बुडालेल्या पोलादावर शंख-शिंपले, चुन्याचे थर आणि गंजाची भुकटी मिळून एक कडक कवच चढतं. ते ऑक्सिजन आत येऊ देत नाही, म्हणून गंजण्याचा वेग मंदावतो. चिखलात रुतलेल्या भागाला तर ऑक्सिजन आणखीच कमी मिळतो. म्हणजे एकाच जहाजाच्या वरच्या आणि खालच्या पत्र्याचं आयुष्य वेगळं.

हे मोजायचं कसं? २००२ मध्ये डायव्हरांनी जहाजाच्या बाजूने, वेगवेगळ्या खोलीवर, पत्र्याचे छोटे गोल तुकडे कापून वर आणले. मूळ नकाशातली जाडी वजा आजची जाडी, भागिले मधली वर्षं: सरासरी वेग मिळाला. अपेक्षेप्रमाणे वरचा पत्रा जास्त झिजला होता, चिखलाखालचा सर्वांत कमी. पण ही युद्धस्मशानभूमी आहे, इथे मनाला येईल तेवढे सॅम्पल घेता येत नाहीत. म्हणून संशोधकांनी दुसरी वाट काढली. पत्र्याला हात न लावता वरच्या कवचात किती लोह साठलंय ते मोजायचं आणि त्यावरून खालचं किती झिजलं ते काढायचं. थेट मोजलेल्या थोड्या तुकड्यांवर ही पद्धत पारखून घेतली. पुढे अमेरिकेच्या प्रमाण व तंत्रज्ञान संस्थेने, म्हणजे निस्टने, जहाजाच्या मधल्या भागाचं फायनाइट एलिमेंट मॉडेल केलं: पत्रे असे पातळ होत गेले तर वजन कुठे येईल, कोणता भाग आधी वाकेल. जहाज कोसळण्याचा धोका तोंडावर आलेला नाही, असं या कामातून दिसलं. पण तोंडावर नाही म्हणजे कधीच नाही असं होत नाही.

मग तेल आत्ताच काढून का घेत नाहीत? कारणं ठोस आहेत. ते एका टाकीत नाही, अनेक कप्प्यांत विखुरलंय. तिथवर पोचायला पत्रे भोकसावे लागतील, रचना कमजोर होईल आणि माणसांच्या कबरीत यंत्रं घालावी लागतील. शिवाय वाचलेल्या खलाशांपैकी काहींनी मरणानंतर आपल्या सोबत्यांकडे परत जायचं ठरवलं, त्यांच्या अस्थींचे कलश डायव्हरांनी जहाजातच ठेवले. न काढण्याचा निर्णय मला आज पटतो. पण तो निर्णय आहे, मोजमापांवर उभा असलेला आणि मोजमापं बदलली तर बदलावा लागणारा. ‘अश्रू’ हा शब्द त्याला निसर्गनियमासारखं दाखवतो.

हा वाद फक्त शब्दांचा नाही, हे त्याच परिसरातल्या दुसऱ्या एका गळतीने दाखवलं. पर्ल हार्बरपासून जवळच, रेड हिल टेकडीच्या पोटात, नौदलाने १९४० च्या दशकात बांधलेल्या २० प्रचंड इंधनटाक्या होत्या, पिण्याच्या पाण्याच्या भूजलसाठ्याच्या साधारण १०० फूट वर. नोव्हेंबर २०२१ मध्ये तिथलं विमानाचं इंधन नौदलाच्या पाणीपुरवठ्यात मिसळलं. त्या पुरवठ्यावर ९० हजारांहून अधिक लोक अवलंबून होते. माणसं आजारी पडली, कुटुंबांना घरं सोडावी लागली, आणि मार्च २०२२ मध्ये टाक्या बंद करण्याचा आदेश निघाला. दोन्हीकडे नौदलाचंच इंधन, परिसरही एकच. एका गळतीला आख्यायिका मिळाली, दुसरीला चौकशी. स्मारकावर उभ्या असलेल्या माणसाला या दोन्ही गोष्टी एका नजरेत पाहता याव्यात, एवढी अपेक्षा जास्त आहे असं मला वाटत नाही.

माझा निकाल

सहल करावी का? संधी मिळाली तर जरूर करा. नावांची भिंत हा तिचा सर्वोत्तम भाग. तिथे विशेषण नाही, पार्श्वसंगीत नाही, अर्थ लावून दिलेला नाही. १,१७७ नावं आहेत, आणि ती वाचायला मिळालेल्या वेळेत पुरी होत नाहीत, हेच तिथे समजतं. सहलीत कच्चा डेटा जसाच्या तसा समोर ठेवलेली ही एकच जागा आहे, आणि सगळ्यात खोल परिणाम तिचाच होतो. म्हणून पुरावा दाखवला तर भावना उणावते, हा युक्तिवाद मला मान्य नाही. झिजलेल्या पत्र्याचा एक तुकडा, बाजूला त्याची १९१५ ची जाडी आणि २००२ ची जाडी, एवढं किनाऱ्यावर बोटीत चढण्याच्या जागी ठेवलं असतं तरी माणूस पाण्यावरच्या त्या वर्तुळांकडे वेगळ्या नजरेने पाहील. आदर तितकाच राहील, प्रश्न मात्र हातात असेल.

तुमच्यापैकी बहुतेकांच्या वाट्याला आधी राजपुरीची जेट्टी येईल. जंजिऱ्याला नेणाऱ्या शिडाच्या होडीत बसलात की गाईड कलालबांगडी तोफेचा पल्ला सांगेल, किल्ला किती वर्षांत बांधला ते सांगेल, तो कुणी कुणी घेऊ पाहिला ते सांगेल. ऐका, मजा घ्या, त्याचं सांगणं खरंच रंगतदार असतं. परत आल्यावर त्यातलं एकच वाक्य निवडा आणि त्याच्यापुढे तीन गोष्टी लिहा: हे कुणी पाहिलं किंवा मोजलं, कशाने मोजलं, आणि काय सापडलं तर हे वाक्य मागे घ्यावं लागेल. तिसरी ओळ लिहिता आली नाही, तर तुमच्या हाती आख्यायिका आहे. लिहिता आली, तर कदाचित पीएचडीचा विषय आहे.

आणि हाच कागद घेऊन एकदा दुसऱ्या गाईडसमोरही बसा, फॉर्मवर सही करणाऱ्या. ते किंवा त्या चांगल्या गाईड असतील तर तिसऱ्या ओळीवरच जास्त वेळ थांबतील.